लहान मुलांना बागेत कसं खेळू द्यायचं (वय वर्षं १ ते ६)

कुठल्याही बागेत संध्याकाळी जाऊन पाच मिनिटं नुसतं बसा, कानावर काय येतं बघा. "अरे पडशील", "हात घाण करू नको", "त्याच्यावर चढू नको", "पळू नको रे बाळा", "सरळ बस आणि ये खाली". सगळे प्रेमापोटीच बोलत असतात, त्यात शंकाच नाही, पण मूल बागेत येऊनसुद्धा निम्मा वेळ थांबवलंच जातं. मी बालवाडीत शिकवते आणि जूनमध्ये नवीन मुलं आली की रोज मोकळ्यावर खेळणारं मूल कोणतं हे पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं, जिना चढताना, खाली बसून चप्पल घालताना, नळापाशी रांगेत उभं राहताना, अगदी खडू हातात धरताना पण. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते, बागेत नेल्यावर आपण करायचं काय, कुठे हात पुढे करायचा आणि कुठे हात मागे ठेवायचा.

आधी वेळेचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं आहे, आणि ३-४ वर्षांच्यांनी त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी, म्हणजे पळणं, उड्या, चढणं. आणि मुलाला प्रॅममध्ये किंवा खुर्चीत सलग एक तासाच्या वर बांधून ठेवू नये असंही आहे. तीन तास ऐकून घाबरू नका, ते घरातलं आणि बाहेरचं सगळं धरून आहे. पण वन बीएचकेमध्ये सोफा ते किचन अशी धाव मारून मुलाला दम लागत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात ते वेगळंच, त्यामुळे दम लागणारा तो एक तास बाहेरच मिळायला हवा. रोज जमत नसेल तर जमेल तितके दिवस जा, फक्त गेलात की घाई नको. वीस मिनिटात "चला चला झालं" केलं तर मूल अजून सुरूच झालेलं नसतं, पहिली दहा मिनिटं तर ते आईच्या पायाला चिकटून दुसरी मुलं काय करतायत तेच बघत असतं. ते बघणं पण खेळाचाच भाग आहे, तेव्हा "जा ना, खेळ ना" करून ढकलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला जिथे स्वतःहून चढता येत नाही तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. एवढा एकच नियम पाळलात तरी बागेचा निम्मा फायदा पदरात पडला म्हणून समजा. कारण मूल जिथपर्यंत स्वतः चढतं तिथून उतरायची ताकद आणि अंदाज बहुतेक वेळा त्याच्याकडे असतो, किंवा चढता चढता तो तयार होतो. उचलून वर ठेवलेल्या मुलाकडे तो नसतो, त्याला ना खालची पायरी कुठे आहे ते माहीत ना हात कुठे धरायचा ते, म्हणून मग ते घाबरतं नाहीतर सरळ हात सोडतं.

लोखंडी कमानीची शिडी असते ना बऱ्याच बागांत, तिच्यावर तीन वर्षांचं मूल चढताना जवळून बघा एकदा. एक पाय दुसऱ्या दांडीवर, दोन्ही हात वरच्या दांडीवर इतके घट्ट की बोटांची पेरं पांढरी झालेली, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि दुसरा पाय हवेत दांडी शोधतोय. खाली बघितलं तर तोल जातो म्हणून ते बघत पण नाही, नुसतं पायानेच चाचपतं. बोटं दांडीला लागतात, निसटतात, परत लागतात. नेमका याच वेळी आजोबांचा हात पुढे येतो आणि पाय उचलून दांडीवर ठेवला जातो! आजोबा, ते दहा सेकंद थांबा. त्या दहा सेकंदात मुलाचा मेंदू, आपला पाय न बघता पाय कुठे आहे हे शोधायला शिकत असतो, स्नायू आणि सांध्यांकडून येणारे निरोप वाचत असतो. पुढे अंधारात जिना उतरताना, गर्दीत कुणाला न धडकता चालताना हेच कामाला येतं. तुमचा हात त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर असू द्या, लागला तर असावा म्हणून, पण टेकवू नका.

आणि बोलायचंच असेल तर "पडशील" म्हणू नका, कारण त्यात मुलाने करायचं काय ते कळतच नाही, नुसती भीती कळते. त्याऐवजी "हात घट्ट आहेत का?", "आता कुठला पाय टाकणार?", "खालची दांडी लागली का पायाला?" असं विचारा. अडकलं आणि रडायला लागलं तर लगेच उचलून खाली आणण्याआधी एकेक पाय सांगत उतरवायचा प्रयत्न करा, "उजवा पाय खाली, अजून खाली, हां, लागला." नाहीच जमलं तर घ्या उचलून, त्यात काही वाईट नाही. नॉर्वेमध्ये एलेन सँडसेटर म्हणून संशोधक आहेत, त्यांनी मुलांच्या धाडसी खेळांवर बरंच काम केलंय, उंचावर चढणं, वेग, दंगामस्ती, थोडं नजरेआड जाणं वगैरे, आणि त्यांचं म्हणणं असं की थोडी थोडी भीती अशी खेळात पचवत गेलेलं मूल धोका ओळखायला शिकतं. मला ते रोजच्या अनुभवातून शंभर टक्के पटतं.

झोक्याबद्दल. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात द्रव असतो, डोकं वळलं की तो हलतो आणि मेंदूला कळतं डोकं कुठल्या बाजूला वळतंय. झोका, गोल फिरणारं चक्र, उतारावरून लोळणं, यात ही यंत्रणा भरपूर वापरली जाते, आणि तिचा संबंध तोल सांभाळण्याशी आहे, तसाच डोकं हलत असताना नजर एका जागी ठेवण्याशीपण आहे. लहान बाळाला मान आणि बसणं पक्कं झाल्यावरच झोक्यात बसवायचं, ते पण पाय घालायची भोकं असलेल्या बंद सीटवर. झोका द्यायचा तो समोरून द्या, म्हणजे बाळाला तुमचा चेहरा दिसतो आणि तुम्हाला त्याचा, नको झालं की लगेच कळतं. मोठ्यांना मजा येते म्हणून उंच उंच द्यायचा नाही, मुलाला विचारून द्यायचा. साधारण चार-पाच वर्षांची मुलं स्वतः पाय मागेपुढे करून झोका घ्यायला शिकतात, त्या वयात झोका देणं हळूहळू बंद करा आणि पाय कधी लांब करायचे, कधी दुमडायचे तेवढं सांगा, दोनचार दिवस हैराण होतील पण जमलं की चेहरा बघण्यासारखा असतो. एक मात्र डोळ्यात तेल घालून बघायला लागतं, झोक्याच्या पुढून-मागून धावणारं दुसरं लहान मूल. रस्त्यासारखंच समजा, थांबून दोन्हीकडे बघूनच पलीकडे जायचं.

घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण मांडीवर घेतलं की सेफ असंच आपल्याला वाटतं. पण होतं काय, मुलाचा बूट कडेला किंवा पत्र्याला अडकतो, मूल एकटं असतं तर तिथेच थांबलं असतं, पण मागे मोठ्या माणसाचं वजन असतं आणि ते थांबत नाही, मग पाय पिळवटून नडगीचं हाड मोडतं. हाडांच्या डॉक्टरांना हे फ्रॅक्चर चांगलंच माहीत असतं. मूल लहान असेल तर छोट्या घसरगुंडीवर एकटं बसवा आणि बाजूला उभं राहून हात धरा. उलट्या बाजूने घसरगुंडी चढणं हा मुलांचा आवडता उद्योग, आणि खरं सांगायचं तर पोट, मांड्या, तळवे सगळ्यांना त्यात जितकं काम मिळतं तितकं घसरण्यात मिळत नाही. वर कुणी नसेल तर चढू द्या, वर कुणी आलं की बाजूला व्हायचं, एवढा नियम तीन वर्षांच्या मुलाला कळतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची घसरगुंडी असेल तर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा, तुम्हाला पाच सेकंद ठेववत नसेल तर मुलाच्या मांड्या भाजणारच. प्लॅस्टिक आणि रबराची फरशी पण तापते बरं का.

लटकायला दांडी असेल तर रोज थोडं लटकू द्या, तीन-साडेतीन वर्षांच्या पुढच्या मुलांना. पालक मला विचारतात अक्षर कसं सुधारायचं, पेन्सिल नीट धरत नाही, लिहायला बसलं की हात दुखतो म्हणतो. लिहायला बोटं लागतात हे खरंच आहे पण बोटं नीट चालायला आधी खांदा, मनगट आणि पंजा यांच्यात जोर पाहिजे, आणि तो लटकण्यातून, चढण्यातून, ओल्या मातीचे गोळे दाबण्यातून येतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघा गिरवायला बसवण्यापेक्षा तो अर्धा तास बागेत घालवा, असं मी आमच्याकडे सगळ्यांना सांगते.

मातीला घाबरू नका. घरातून एक जुना मग, श्रीखंडाचा रिकामा डबा, एक चमचा एवढं घेऊन गेलात की झालं, महागडा सँड-सेट लागत नाही. डबा भरणं, ओतणं, मोठ्या डब्यातलं छोट्यात मावत नाही हे बघणं, ओली माती टिकते आणि कोरडी ढासळते हे कळणं, हे सगळं गणित आणि विज्ञानच आहे. आणि झाडाखाली पडलेलं सामान तर फुकट असतं. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात, गुलमोहराची लांब शेंग तलवार होते, बुचाच्या फुलांचा सडा पडला की ती ओळीने मांडायची, एकात एक घालून माळ करायची. जाडं पान, पातळ पान, मोठं, लहान, असे ढीग करायला सांगा. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये आणि नंतर कोसबाडला जे बालशिक्षणाचं काम उभं केलं त्यात बिया, काड्या, शंख-शिंपले, पानं असंच भोवतालचं सामान वापरलं, महाग साधनांवाचून मुलं शिकतात हे त्यांनी करून दाखवलं, आणि आपल्याकडे मात्र अजून बागेतून घरी आलेल्या मुलाच्या खिशातले खडे आधी कचऱ्यात जातात!

पण कुठलं झाड काय आहे ते मोठ्यांना माहीत पाहिजे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी शोभेसाठी कितीतरी बागांत लावलेली असतात आणि दोन्ही विषारी आहेत, बिट्टीच्या बिया तर फारच. धोत्रा, एरंडाच्या बिया, लाल-काळ्या गुंजा, हे पण तोंडात जाता कामा नये. ज्या वयात सगळं तोंडात जातं त्या वयाच्या मुलाला या झाडांखाली बसवूच नका, आणि मोठ्याला नावानिशी दाखवून ठेवा की हे बघायचं, खायचं नाही. मातीत खेळल्यावर काही खायच्या आधी साबणाने हात धुणं मात्र पक्कं, नखं कापलेली, आणि वाळूत कुत्र्या-मांजराची घाण आहे का ते आधी बघून घ्या. जंताचं औषध चुकवू नका, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, १० फेब्रुवारीला, अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात.

दुसऱ्या मुलांबरोबर कसं खेळवायचं? दोन वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतं, एकत्र खेळत नाही, आणि ते अगदी नॉर्मल आहे. अमेरिकेतल्या संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच मुलांच्या खेळाच्या या पायऱ्या मांडल्या होत्या, एकट्याने, शेजारी शेजारी, मग थोडं देवाणघेवाण करत, मग खरं एकत्र. म्हणून दोन वर्षांच्या मुलाच्या हातातून बादली काढून "शेअर कर, गुड बॉय ना तू" असं करू नका. "तुझं भरून झालं की तिला दे हां" म्हणा आणि झाल्यावर आठवण करा, ते शिकतं. झोक्याच्या रांगेत वेळ मिनिटात सांगू नका, "अजून दहा झोके मग दादाचा नंबर" असं सांगा आणि सगळ्यांनी मोठ्याने मोजा, आकडे पण होतात आणि थांबणं पण जमतं.

तीन-चार वर्षांपासून आपले जुने खेळ काढा, त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पकडापकडी कुणालाही येते. स्टॅच्यू आणि डोंगर-पाणी हे तर फारच छान, डोंगर-पाणीमध्ये ज्याच्यावर राज्य तो डोंगर म्हणाला की बाकीच्यांनी पाण्यात पळायचं आणि पाणी म्हणाला की डोंगरावर, म्हणजे ऐकायचं, नियम आठवायचा, चटकन पाय थांबवायचे आणि दिशा बदलायची, हे सगळं एका सेकंदात. हाच स्वतःवरचा ताबा पुढे वर्गात बसायला लागतो. एका पायावर उभं राहणं साधारण तीन वर्षांना, लंगडी चार-साडेचारला जमायला लागते, थोडं पुढेमागे चालतं. आणि मोठ्या मुलांच्यात लहान्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायला सांगा. तो पळतो, ओरडतो, आउट झाला तरी आउट धरत नाहीत, पण वर्षभरात सगळे नियम त्याला तोंडपाठ होतात आणि एक दिवस तोच येऊन सांगतो, मी कच्चं लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य. इतकं सोपं, इतकं प्रेमाचं शिकवणं मोठी मुलं करतात, आपण फक्त मध्ये पडायचं नाही. भांडण झालं तर लगेच धावू नका, मारामारी किंवा चावाचावी होत असेल तरच जा.

डोळ्यांचा मुद्दा हल्ली जास्त महत्त्वाचा झालाय. लांबचं न दिसणं, मायनस नंबर, लवकर लागतोय, आणि रोज बाहेरच्या उजेडात राहिलं तर तो लागायची शक्यता कमी होते. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर दिली, तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि बाकीच्यांच्यात ३९.५ टक्क्यांना, हा अभ्यास २०१५ मध्ये आला. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच आहे. यासाठी कडक उन्हात उभं राहायची गरज नाही, झाडाच्या सावलीतसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो.

जागा निवडताना बाग सुंदर आहे का ते बघू नका, खेळता येतं का ते बघा. पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचं, निवांत फिरायला फार छान, पण दंगा करायची जागा नाही ती, त्यासाठी संभाजी बाग किंवा मोठाल्या झाडांचं एम्प्रेस गार्डन बरं. मुंबईत शिवाजी पार्कला मोकळं मैदान आहे आणि त्याच्या भोवतीचा कट्टा, त्याच्यावर हात धरून मुलाला चालवा, तोल सांभाळायचा याच्याइतका चांगला सराव दुसरा नाही. मलबार हिलच्या बागेतलं बुटाच्या आकाराचं घर, म्हातारीचा बूट, मुलांना आवडतंच. सोसायटीत दोन खेळणी आणि एक झाड असलं तरी रोजच्यासाठी पुरतं, लांबची मोठी बाग रविवारी. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, वेळ बघून निघा.

उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात लोक चार महिने मुलांना घरात कोंडतात, तसं करू नका, उघडीप मिळाली की जा, चिखलात उड्या मारू द्या, घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ घाला. फक्त शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळा, आणि रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात अजिबात नाही, त्यात लेप्टो या तापाची भीती असते. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, तेव्हा पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्या घाला.

कपड्यांचं एक सांगते आणि हे खरंच मनावर घ्या. खेळण्यांवर चढायच्या आधी गळ्यातला काळा दोरा, चेन, शाळेचं आयकार्ड, स्कार्फ, टोपीची नाडी सगळं काढून ठेवा. खिळ्यात किंवा दांडीत अडकलं तर गळ्याला फास बसतो. सायकलचं हेल्मेट पण काढूनच चढायचं, ते फटीत अडकू शकतं. दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न तोंडात ठेवून पळायचं नाही, खायचं तर बाकावर बसून, आणि चार वर्षांखालच्यांना असलं कडक बागेत देऊच नका. हिरवळीवर अनवाणी जरूर चालू द्या, काचा आणि मुंग्या नाहीत ना एवढं बघून.

आपण कुठे थांबायचं? एक-दोन वर्षांच्या मुलाच्या हाताच्या अंतरावर, तीन-चारच्या दोनचार पावलं लांब, पाच-सहाचं मूल बाकावरून दिसत असलं तरी पुरे. पण नजर मुलावर, फोनवर नको. मूल वळून बघतं ना, "आई बघ", तेव्हा आई आपल्याकडे बघतेय ना एवढंच त्याला पाहिजे असतं.

खरचटलं तर नळाखाली साबण लावून धुवा. डोक्यावर आपटलं आणि नंतर उलटी, गुंगी, नेहमीसारखं वागत नाही असं काही वाटलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा. कुत्र्याने चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन, हळद-चुना लावत बसू नका.

निघताना रडारड होते ती कमी करायची तर अचानक उचलून नेऊ नका. "अजून दोनदा घसरगुंडी, मग चप्पल" असं सांगा आणि दोन म्हणजे दोनच. शेवटचं काय खेळायचं ते मुलाला ठरवू द्या.

आणि बागेतलं खेळणं तुटलेलं दिसलं, साखळी निसटली, पत्रा उचकटला, खालची रबराची फरशी उखडली, तर मुलाला फक्त दुसरीकडे नेऊन विषय सोडू नका. फोटो काढा, बागेच्या माळीमामांना सांगा, आणि महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा वॉर्ड ऑफिसला उद्यान विभागाच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. चार-पाच पालकांच्या सह्या असल्या तर जास्त लवकर हलतात. त्याच अर्जात लहान मुलांसाठी वाळूचा खड्डा आणि चढायला दोन ओंडके मागा, महागडी खेळणी मागण्यापेक्षा ते पटकन मंजूर व्हायची शक्यता जास्त.